चार अंक, चाळीस हजार फॉलोअर आणि एक सिनेमा

प्रश्न थोडक्यात असा: सहा अंकांची एक कॉमिक मालिका आहे, चार अंक बाजारात आलेत, दोन यायचेत. प्रकाशक सिनेमाला तयार आहे. चित्रं आयती आहेत, त्यामुळे स्टोरीबोर्डचा, म्हणजे शूटिंगआधी प्रत्येक शॉटचं चित्र काढून ठेवण्याचा, खर्च वाचेल. मालिकेला ४० हजार फॉलोअर आहेत, त्यामुळे प्रसिद्धीचं निम्मं काम झाल्यातच जमा आहे. तर निर्मितीला सुरुवात कुठून करायची?

यातली तिन्ही गृहीतकं मी स्वतः कधी ना कधी धरून बसलो होतो, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. कार्यकारी निर्माता म्हणून कॉमिकवरचे तीन प्रोजेक्ट माझ्या हाताखालून गेले. एक बऱ्यापैकी चालला, एक पडला आणि एक झालाच नाही. सगळ्यात जास्त शिकवलं ते या शेवटच्याने.

तेव्हा तिथूनच. ‘प्रकाशक तयार आहे’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, प्रकाशकाकडे विकायला नेमकं आहे काय? कादंबरीला साधारणपणे एक लेखक असतो, त्याची सही घेतली की बरंचसं काम होतं. कॉमिकला लेखक असतो, पेन्सिलने चित्र काढणारा असतो, शाई चढवणारा, रंग भरणारा, फुग्यातली अक्षरं लिहिणारा असतो, आणि मुखपृष्ठ भलत्याच कुणी काढलेलं असतं. यातलं कोण पगारावर होतं, कोण पानामागे पैसे घेत होतं आणि कोणी मैत्रीखातर करून दिलं, यावर हक्क कुणाचे ते ठरतं. आमच्या त्या न झालेल्या सिनेमात प्रकाशकाशी करार झाला, ॲडव्हान्स गेला, पटकथेचे तीन ड्राफ्ट झाले. मग गुंतवणूकदाराच्या वकिलाने जुनी कागदपत्रं मागितली, तेव्हा कळलं की दुसरा अंक वेगळ्याच चित्रकाराने काढला होता आणि त्याच्याशी लेखी म्हणावं असं काहीच नव्हतं. मेलवर एक ओळ होती, ‘चालेल, पाठवतो’. ज्या मुखवट्यावर आमचं पोस्टर उभं होतं, तो मुखवटा नेमका त्याच अंकात पहिल्यांदा आला होता. चित्रकार आडमुठा नव्हता, बोलायला तयार होता. पण बोलणी संपेपर्यंत गुंतवणूकदार दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला होता.

हे लहान माणसांचंच होतं असं समजू नका. कॉमिकवरचा ‘वॉचमेन’ शूट होऊन तयार होता, ६ मार्च २००९ ही तारीख जाहीर होती, आणि डिसेंबर २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं की वितरणाचे हक्क फॉक्स स्टुडिओकडे आहेत. सिनेमा वॉर्नर स्टुडिओने केला होता! जानेवारीत तडजोड झाली म्हणून तारीख वाचली. वाटाघाटीच्या टेबलावर तयार सिनेमा आणि ठरलेली तारीख घेऊन बसणाऱ्याला काय भाव पडत असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी चार अंकांची प्रत्येक श्रेयनामावली समोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे करार आहे की नाही ते लिहा. मग ऑप्शन करार करा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रक्कम देऊन हक्क राखून ठेवायचे आणि शूटिंग सुरू व्हायच्या सुमाराला पूर्ण किंमत द्यायची. मुदत साधारण बारा ते अठरा महिन्यांची असते. वाढवून घ्यायचा अधिकार पहिल्याच करारात लिहून घ्या, नंतर मागायला गेलात तर भाव वाढलेला असतो. मुदत संपत आली की माणसं काय करतात त्याचा नमुना म्हणजे १९९४ चा ‘फॅन्टास्टिक फोर’. हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून रॉजर कॉर्मनच्या हाताखाली दहा लाख डॉलरच्या आसपास तो सिनेमा करण्यात आला आणि तो कधी प्रदर्शितच झाला नाही. काम केलेल्या नटांना वाटत होतं आपला सिनेमा येतोय. प्रकाशकाच्या बाजूने पाहिलं तर मुदतीच्या कलमात ‘निर्मिती सुरू’ याची नेमकी व्याख्या का हवी, ते इथे कळतं.

मूळ लेखक-चित्रकारांना पैसे देताना ‘नफ्यातला वाटा’ हा शब्द दोन्ही बाजूंनी जपून वापरावा. सिनेमाच्या हिशेबात नफा कागदावर यायला फार वेळ घेतो, पुष्कळदा येतच नाही. मार्व्हल कॉमिकचे कितीतरी नायक घडवणाऱ्या स्टॅन ली यांच्यासारख्या माणसाला २००२ मध्ये मार्व्हल कंपनीवरच दावा लावावा लागला, कारण त्यांच्या मते करारात सिनेमांच्या नफ्याचे दहा टक्के त्यांचे होते; २००५ मध्ये एक कोटी डॉलरवर ते मिटलं. माझा अनुभव असा की सरळ एक रक्कम, पडद्यावर ठळक नाव आणि तिकीटविक्रीच्या ठरावीक टप्प्यावर ठरावीक बोनस, हे सगळ्यांना कळतं आणि कुणी कोर्टात जात नाही. यात निर्मात्याचा स्वार्थही आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी स्वतः घडवलेला सुपरमॅन १९३८ मध्ये १३० डॉलरला विकला. १९७५ मध्ये, मोठ्या सिनेमाची बातमी बाहेर पडल्यावर, त्यांच्या हलाखीची कहाणी वर्तमानपत्रांत आली. तेव्हा सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीने वर्षाला २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन दिलं आणि त्यांचं नाव परत लावलं. मूळ माणसाची नाराजी बरोबर तुमच्या प्रसिद्धीच्या आठवड्यात बाहेर येते. ती तेव्हाच छापण्यासारखी असते.

आता स्टोरीबोर्ड. चित्रं आयती आहेत हे खरं, पण ती थांबलेल्या क्षणांची आहेत. वेळ वाचकाच्या हातात असतो. आमच्या पडलेल्या सिनेमातलं एक पान सांगतो. माणूस इमारतीच्या कडेवर उभा. पहिली चौकट लांबून, इमारत आणि एक ठिपका. दुसरी त्याच्या बुटाची, टाच कडेबाहेर. तिसरी खालचा रस्ता. चौथी चेहरा, वर तीस-पस्तीस शब्दांचा फुगा. वाचताना अंगावर काटा यायचा. आम्ही तेच चार शॉट, त्याच क्रमाने, त्याच कोनातून घेतले. एडिटला लावले तर सगळं मिळून सहा सेकंद, आणि भीती शून्य. मग कळलं की पानावर काम करत होती ती चौकटींमधली पांढरी पट्टी. बूट आणि रस्ता यांच्या मध्ये वाचक स्वतः पडत होता. पडद्यावर ती पट्टी नसते, तिथे कट असतो, आणि कट फार लवकर उत्तर देतो. शेवटी आम्ही रस्ता काढूनच टाकला. बुटाचा शॉट लांबवला, टाचेखाली प्लास्टर चुरचुरल्याचा आवाज घातला, आणि फुग्यातले सगळे शब्द काढून नटाला नुसता श्वास घ्यायला लावला. तेव्हा ते पान पडद्यावर आलं.

शिवाय कॉमिकची चौकट उभी, आडवी, तिरकी, पानभर, हवी तशी असते. पडद्याचा आकार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. तुमच्या चार अंकांतल्या सगळ्यात गाजलेल्या उभ्या चौकटी घेऊन कॅमेरामनसमोर ठेवा, त्याचा चेहरा बघा. थोडक्यात, स्टोरीबोर्डचे पैसे बाजूला काढूनच ठेवा. चित्रकाराला मात्र पगारावर घ्या. चौकटी आखण्यापेक्षा त्याचा उपयोग कपडे, वस्तू, जागा आणि रंग ठरवण्यात आहे.

जसंच्या तसं उतरवून यशस्वी झालेली उदाहरणं आहेत, ती का झाली ते पाहा. ‘सिन सिटी’साठी दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जने मूळ कॉमिक करणाऱ्या फ्रँक मिलरला पटवण्याकरता आधी एक छोटा प्रसंग शूट करून दाखवला, मग त्यालाच सहदिग्दर्शक केलं, आणि संघटनेच्या नियमात ते बसेना तेव्हा दिग्दर्शकांच्या गिल्डचा राजीनामा दिला. ‘थ्री हंड्रेड’ जवळपास पूर्णपणे स्टेजवर निळ्या पडद्यासमोर झाला, खर्च साडेसहा कोटी डॉलरच्या घरात, म्हणजे त्या दिसण्याच्या मानाने कमीच. दोन्हीकडे मूळ पुस्तकाची ताकद चित्राच्या भारात होती, गोष्ट पातळ होती. तुमच्या मालिकेची ताकद कशात आहे हे आधी ठरवा. बोंग जून-हो यांनी ‘स्नोपिअर्सर’साठी फ्रेंच कॉमिकमधून बर्फाळ जगात धावणारी गाडी आणि तिच्या डब्यांतली वर्गव्यवस्था घेतली, माणसं आणि घटना बहुतेक नव्या लिहिल्या. पार्क चान-वूक यांच्या ‘ओल्डबॉय’ने जपानी कॉमिकमधली (तिथे त्याला ‘मांगा’ म्हणतात) कोंडून ठेवण्याची कल्पना ठेवली आणि कोंडण्याचं कारणच बदललं. रोजच्या चार चौकटींच्या पट्टीवर सिनेमा करायचा तर अडचण उलटी असते. तिथे पात्र पक्कं असतं आणि गोष्ट नसतेच. ‘चिंटू’ पडद्यावर आणताना दोन तासांची गोष्ट नव्याने रचावीच लागली असणार. माझी कसोटी साधी आहे. पुस्तक मिटून आठवड्याने ज्याने ते एकदाच वाचलंय त्याला विचारा, काय आठवतं? तो जे सांगेल त्याला हात लावू नका. बाकी सगळं बदलायला मोकळं आहे.

सेटवर जिथे पैसे सांडतात ती जागा म्हणजे पोशाख. कागदावर मुखवट्याला वजन नसतं, घाम नसतो, कान नसतात. आमच्या झालेल्या एका सिनेमात नायकाला मुखवटा घातल्यावर दिग्दर्शकाचं ‘ॲक्शन’ ऐकू यायचं नाही, म्हणून एक सहायक त्याच्या पायाजवळ बसून घोट्याला टिचकी मारायचा. डोळ्यांच्या खाचा चित्रात असतात तितक्या ठेवल्या तर बाजूचं दिसत नाही, पायऱ्या उतरता येत नाहीत. मोठ्या केल्या तर मुखवटा घुबडासारखा दिसतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तो काढावाच लागायचा आणि परत बसवायला, कडा झाकायला दहा मिनिटं. दिवसाच्या आठ शॉटचं शेड्यूल पाचावर आलं ते यामुळे, आणि हे बजेटमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. पोशाख एक शिवून भागत नाही. क्लोजअपचा एक, पळापळीचा एक, आत हार्नेस (दोरीला लटकवण्याचा पट्टा) मावेल असा ढिला एक, स्टंटवाल्याच्या मापाचे दोन, फाटलेला एक, अर्धा फाटलेला एक, आणि ओला झाला तर राखीव. रंगाची चाचणी कॅमेऱ्यावर, उन्हात आणि रात्रीच्या लाइटमध्ये, दोन्हीकडे करा. छापील पिवळा उन्हात प्लास्टिकसारखा दिसतो. आणि बाहेर शूटिंग करणार असाल तर पहिल्या दिवसाच्या आधी पोशाखाचा अधिकृत फोटो स्वतः प्रसिद्ध करा. नाहीतर कुणीतरी गच्चीवरून काढलेला, नायक खुर्चीत बसून मानेवर मुखवटा लटकवून चहा पितानाचा फोटो हीच तुमची पहिली जाहिरात होईल.

व्हीएफएक्सबद्दल, म्हणजे संगणकावर तयार होणाऱ्या दृश्यांबद्दल, एवढंच: ट्रेलरमध्ये लागणारे शॉट कोणते ते शूटिंगच्या आधी ठरवा आणि तेच आधी पूर्ण करून घ्या. अर्धवट शॉट ट्रेलरमध्ये गेला की अंतिम सिनेमात तो कितीही सुधारला तरी लोकांच्या डोक्यात जुनाच राहतो.

आता ते ४० हजार. यांच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात महागडी चूक इथे होते. फॉलोअर म्हणजे तिकीट नव्हे हे तर उघडच आहे. पण खरा धोका असा की ते आवाज फार करतात, आणि तो आवाज निर्मात्याला गर्दीसारखा ऐकू येतो. कॉमिकवरचा ‘स्कॉट पिलग्रिम’ २०१० च्या जुलैत कॉमिक-कॉन या कॉमिकप्रेमींच्या मेळाव्यात दाखवला तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं होतं. तीन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, तो ‘द एक्स्पेंडेबल्स’समोर लागला आणि पहिल्या वीकेंडला पाचव्या नंबरवर राहिला. खर्च ६ कोटी डॉलरच्या आसपास, जगभरची कमाई त्याच्याही खाली. सिनेमा चांगला होता, पुढे त्याला स्वतःचा प्रेक्षकही मिळाला. पण ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याला पोस्टर बघून हा सिनेमा कशाबद्दल आहे हेच कळत नव्हतं.

उलटही होतं. मायकेल कीटनला बॅटमन म्हणून घेतलं तेव्हा स्टुडिओकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रं आली असं सांगतात. वाचकांचा कौल घेतला असता तर तो सिनेमा झालाच नसता. स्टुडिओने केलं काय, तर घाईने टीझर कापून थिएटरात लावला आणि पोस्टरवर चेहरा, नाव काहीच न देता फक्त वटवाघळाचं चिन्ह आणि तारीख दिली. १९८९ च्या त्या उन्हाळ्यात ते चिन्ह टी-शर्टवरून सगळीकडे फिरलं. यात शिकण्यासारखं हे की वाचकांशी वाद घातला नाही, आणि त्यांची मनधरणीही केली नाही. त्यांनी कधी न पाहिलेलं काहीतरी दाखवलं.

म्हणून प्रसिद्धीचे दोन वेगळे हिशेब करा. वाचकांसाठीचा स्वस्त असतो आणि लवकर सुरू होतो. पोशाखाचा फोटो, चित्रकाराची मुलाखत, मूळ चौकट आणि शूट झालेला शॉट शेजारी शेजारी. यांना फसवू नका. एखादं आवडतं पात्र गाळलं असेल तर आधीच सांगून टाका. आठवडाभर शिव्या पडतील, प्रदर्शनाच्या दिवशी पडण्यापेक्षा बऱ्या. हे लोक तुमचे साक्षीदार आहेत. घरात, ऑफिसात ‘हे काय आहे रे?’ असं कुणी विचारलं की उत्तर तेच देणार. ‘डेडपूल’चं चाचणीसाठी केलेलं फुटेज २०१४ मध्ये बाहेर फुटलं, वाचकांनी इतका गजर केला की अडलेला सिनेमा मंजूर झाला. तिथपर्यंत वाचकांचं काम. पुढची जाहिरात मात्र वाचक नसलेल्यांसाठी होती. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात लागणाऱ्या सिनेमाची खोटी खोटी प्रेमकथेची पोस्टरं, कवटी, शी आणि इंग्रजी ‘एल’ मिळून ‘डेड-पू-ल’ वाचायला लावणारा होर्डिंगवरचा इमोजींचा विनोद. कॉमिक माहीत नसलेल्यालाही एका नजरेत कळायचं की हा सिनेमा आगाऊ आहे. ५.८ कोटी डॉलरच्या सिनेमाने ७८ कोटींच्या वर धंदा केला.

दुसरा हिशेब अनोळखी प्रेक्षकाचा, तिथे खरा पैसा जातो. त्याच्यासाठी कॉमिकचं नाव काढायचंच का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. ‘मेन इन ब्लॅक’ कॉमिकवरून आलाय हे बहुतेकांना आजही माहीत नाही आणि त्याचं काही अडलं नाही. उलट टिनटिनचा सिनेमा २०११ मध्ये युरोपात ऑक्टोबरअखेर लागला आणि अमेरिकेत डिसेंबरात. जिथे पात्र घरोघरी आहे तिथे आधी, तिथला गाजावाजा घेऊन मग अनोळखी मुलखात. आपल्या पातळीवर याचा अर्थ असा की मालिका कुठल्या शहरांत, कुठल्या भाषेत खपते त्याचे आकडे प्रकाशकाकडून मागा आणि वितरकाशी बोलताना ते समोर ठेवा. अनोळखी प्रेक्षकासाठी एक ओळ लागते, पात्राचं नाव न घेता सांगता येईल अशी. १९७८ च्या सुपरमॅनच्या पोस्टरवर कथा नव्हती, माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, एवढंच वचन होतं. तुमची ओळ अजून सापडली नसेल तर दोष जाहिरात एजन्सीचा नसून पटकथेचा असायची शक्यता जास्त. टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे प्रदर्शनाआधी सिनेमा दाखवून मत घेतात तिथेही, निम्म्याहून जास्त माणसं न वाचलेलीच बसवा, आणि दोन्ही गटांचे फॉर्म वेगळे ठेवा. एकत्र केले तर सरासरी छान येते आणि कुणाचंच काही कळत नाही.

खेळणी, टी-शर्ट वगैरे पहिल्या सिनेमात फार मनावर घेऊ नका. खेळणी बनवणाऱ्याला डिझाइन वर्ष-दीड वर्ष आधी लागतं, तेव्हा तुमचा पोशाख ठरलेलाही नसतो. शिवाय माल कुणासाठी आणि सिनेमा कुणासाठी यात तफावत पडली तर भांडण ओढवतं. १९९२ च्या बॅटमनला मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलची जोड दिली तेव्हा सिनेमा लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही म्हणून पालक चिडले होते.

पुस्तक मात्र विसरू नका. ट्रेलर आला की लोक पुस्तक शोधतात, आणि नेमकं तेव्हा ते संपलेलं असतं. प्रकाशकाशी करारातच लिहून घ्या की ट्रेलरच्या तारखेला सगळे अंक छापून दुकानात असतील. मुखपृष्ठावर नटाचा फोटो टाकू नका अशी माझी विनंती राहील. मूळ चित्रच ठेवा, वर छोटी पट्टी लावा. फोटोवालं मुखपृष्ठ सिनेमा उतरला की शिळं होतं.

राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न: दोन अंक अजून यायचेत. सिनेमा आधी संपेल की मालिका? ‘स्कॉट पिलग्रिम’चा शेवटचा खंड सिनेमाच्या जेमतेम महिनाभर आधी आला, शूटिंग झालं तेव्हा पुस्तकाचा शेवट छापलेला नव्हता, आणि सिनेमाचा शेवट नंतर बदलून परत शूट करावा लागला. तुमच्या लेखकाला आत्ताच बसवा आणि सहाव्या अंकाचा शेवट दोन पानांत लिहून घ्या, अगदी कच्चा असला तरी. त्या दोन पानांवर तारीख आणि सही हवी, करारात त्यांचा उल्लेख हवा, आणि लेखकाने नंतर मन बदललं तर तुमचा शेवट वेगळा ठेवायची मुभा दोघांनाही हवी. आणि पाचव्या अंकाचा चित्रकार तोच आहे ना, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.